वजाबाकीचा दिवस

सकाळी ६.००

स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं आहे. सासूबाई त्यात चतुर्थी-एकादशी बघतात, मी भरती बघते. आज शुक्ल एकादशी. कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. देवगडचा माझा मामा आयुष्यभर समुद्रावर होता. त्याला हा भागाकार करावाच लागत नाही, तिथी कानावर पडली की वेळ तोंडात येते.

मी राहते बडोद्याला आणि उपग्रहावरून ज्याचे प्रवाह मोजते ते माझं पाणी कच्छच्या आखातातलं. तिथे ओख्याच्या तोंडाशी भरती कोकणापेक्षा उशिरा पोचते आणि आत कांडल्याला जाईपर्यंत आणखी दोनेक तास लागतात. त्यामुळे मामाचं उत्तर जसंच्या तसं चालत नाही, पण दिवस हेरायला पुरतं. मग भरती-ओहोटीचं छापील कोष्टक उघडून खात्री करायची. आज ती झाली. पावणेसातला आखातात पाणी चढतं असणार, म्हणजे प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे, आतल्या दिशेने.

६.४५

ह्या सुमाराला सेंटिनेल-१ जातो. हा युरोपचा रडार उपग्रह, ६९३ किलोमीटरवरून फिरणारा. त्याची कक्षा सूर्याशी बांधलेली आहे. कुठेही गेला तरी तिथल्या घड्याळात सकाळचे किंवा संध्याकाळचे सहाच्या आगेमागे वाजलेले असतात. सकाळच्या फेरीत तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि बघतो नेहमी उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेकडे. आखाताचं चित्र घेताना तो स्वतः आखातावर नसतोच, सातपुड्याच्या बाजूला, साधारण नंदुरबारच्या माथ्यावर असतो आणि तिथून चारशेहून अधिक किलोमीटर पलीकडे तिरपा बघत असतो. आखाताची रुंदी ओलांडायला त्याला दहा-बारा सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात माझा दिवसभराचा कच्चा माल तयार होतो. मी त्या वेळी बहुधा डबा भरत असते.

सूर्याशी बांधलेल्या कक्षेची एक गोम आहे आणि ती भरती-ओहोटीवर काम करणाऱ्यालाच टोचते. उपग्रह सूर्याच्या घड्याळावर, पाणी मुख्यतः चंद्राच्या. दोघांमधलं अंतर मोजतं ती तिथी. त्यामुळे एखाद्या जागी उपग्रहाला कुठली भरती दिसणार हे तिथीनेच ठरून जातं. पौर्णिमा-अमावास्येला, उधाणाच्या दिवसांत, ओख्याशी पावणेसातच्या सुमाराला ओहोटी संपत आलेली असते आणि पाणी थबकलेलं असतं. म्हणजे ज्या दिवसांत प्रवाहाला सगळ्यात जास्त जोर, त्याच दिवसांत आमचा पाहुणा पाणी थांबतं त्या घटकेला दारात. मुंबईची पौर्णिमेची भर दुपारची भरती तर ह्या उपग्रहाने कधी पाहिलेलीच नाही आणि पाहणारही नाही. पंचमी-षष्ठीला ओहोटीचा मधला प्रहर मिळतो, एकादशीच्या आसपास भरतीचा. दोन्ही दिवशी उधाण लांब असतं, जोर मध्यम असतो. मिळेल ते घ्यायचं.

१९९२ साली अमेरिका-फ्रान्सचा टोपेक्स-पोसायडन सोडला तेव्हा ही अडचण आधीच ओळखून त्याला मुद्दाम सूर्याशी न बांधलेल्या कक्षेत ठेवलं होतं, १,३३६ किलोमीटरवर, दहा दिवसांना जरा कमी अशा फेरीत. पण तो समुद्राची उंची मोजायला होता. सेंटिनेल-१ ला जमीन, बर्फ, पूर, जहाजं, तेलाचे तवंग असे शंभर उद्योग आहेत, आणि सतत उन्हात राहिलं की विजेची चिंता कमी होते. प्रवाह मोजणं हे त्याच्या कामाच्या यादीत बरंच खाली येतं. आम्ही त्याच्या पंगतीतले आगंतुक.

८.४५

ऑफिसला जाताना स्कूटरवर एक प्रश्न नेहमी मनात येतो, आणि तो पहिल्या भेटीत सगळेच विचारतात: बडोद्यापासून खंबातचं आखात हाकेच्या अंतरावर असताना कच्छला कशाला जायचं? खंबातचं पाणी देशात सगळ्यात आडदांड. भावनगरला उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अलंगला जुनी जहाजं भरतीच्या जोरावर थेट किनाऱ्यावर चढवतात ती ह्यामुळेच. प्रवाह सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जातो. रडारने प्रवाह मोजायला ह्याहून चांगली जागा कुठली?

पण रडारला वस्तू जवळ येते की लांब जाते एवढंच कळतं. आडवी गेली तर काहीच कळत नाही. खंबातचं आखात साधारण उत्तर-दक्षिण पडलेलं आहे आणि उपग्रहही उत्तर-दक्षिणच जातो. नजर त्याची पूर्व-पश्चिम. देशातला सगळ्यात जोरकस प्रवाह रडारच्या नजरेला काटकोनात वाहतो आणि चित्रात जवळजवळ शून्य येतो. कच्छचं आखात पूर्व-पश्चिम आहे, नजरेच्या रेषेत. शिवाय त्याच्या उत्तरेला कच्छ, दक्षिणेला सौराष्ट्र, म्हणजे दोन्ही हातांना जमीन. जमीन का हवी ते पुढे येईलच.

खंबातला राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने आखाताच्या दोन तीरांवर किनारी रडार बसवलेले आहेत, जेगरी आणि वासी-बोरसीला. ते जमिनीवरून दोन बाजूंनी बघतात, म्हणून त्यांना प्रवाहाची पूर्ण दिशा मिळते. उपग्रहाला डोळा एकच.

१०.००

सकाळची फाइल अजून आलेली नाही, दुपारपर्यंत येते. तोवर मागच्या फेरीचं उरलेलं काम.

काम एका वाक्यात सांगायचं तर वजाबाकी. रडार पाण्यावर लहरी सोडतो, त्यांची लांबी साडेपाच सेंटिमीटर. पाण्यावरच्या जवळजवळ तेवढ्याच लांबीच्या बारीक तरंगांवरून त्या परततात. पाणी उपग्रहाकडे येत असेल तर परतलेल्या लहरींची वारंवारता किंचित वाढते, लांब जात असेल तर घटते. हा डॉप्लरचा नियम, शाळेतला. सेकंदाला एक मीटर प्रवाह असेल तर, आखातावर रडारचा जो तिरपेपणा असतो त्यात, फरक पडतो साधारण वीस हर्ट्झ. अडचण अशी की उपग्रह स्वतः सेकंदाला साडेसात हजार मीटरने धावतो आहे. साडेसात टनांचा ट्रक वजनकाट्यावर उभा करून त्यातल्या एक किलो हिंगाचं वजन काढायला सांगावं, तसलं हे काम आहे. ट्रकचं रिकामं वजन ग्रॅमपर्यंत माहीत हवं, नाहीतर हिंग सांगूच नये.

उपग्रहाच्या धावेचा वाटा कसा काढायचा? रडारची नजर धावेच्या रेषेला अगदी काटकोनात असेल तर तो वाटा शून्यच. पण नजर एक सहस्रांश अंशाने जरी पुढेमागे झाली तरी पाच हर्ट्झच्या आसपास चूक शिरते, म्हणजे पाण्याच्या हिशोबात सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर. उपग्रहाचं तोंड कुठे होतं ते ताऱ्यांकडे बघणारे त्याचेच कॅमेरे सांगतात, पण सहस्रांश अंशाचा भरवसा तेही कायम देत नाहीत. म्हणून जमीन हवी. जमीन वाहत नाही. जमिनीवर डॉप्लर शून्य यायलाच पाहिजे. जे काही शून्याऐवजी येईल ते उपग्रहाचं. उत्तरेच्या जमिनीवर किती आलं, दक्षिणेच्या जमिनीवर किती आलं, दोन्हींच्या मधून रेघ ओढायची आणि ती आखातातल्या पाण्यातून वजा करायची.

ऐकायला सोपं आहे. पण जमीन म्हणजे नेमकी कुठली? आमच्याकडे पीएच.डी.ला असलेली मुलगी आज सकाळपासून तेच करते आहे. जामनगरच्या बाजूचा किनारा नकाशात एक रेघ दिसतो. प्रत्यक्षात तिथे चिखलाची सपाटी, तिवरांची बेटं, खाड्या, प्रवाळाचे खडक, मिठागरं असं सगळं एकात एक गुंतलेलं आहे. देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये इथेच झालं. पाणी उतरलं की मैलभर जमीन वर येते, चढलं की बुडते. सकाळी पावणेसातला पिरोटनच्या आजूबाजूचा एखादा ठिपका जमीन होता की समुद्र, हे त्या दिवशीची भरती बघून ठरवावं लागतं. म्हणून ही मुलगी प्रत्येक फेरीला किनारा नव्याने आखते. स्क्रीनवर ठिपक्याठिपक्याने पांढरं-काळं करत बसणं हे काही कुठल्या शोधनिबंधात लिहिलं जात नाही, पण अख्ख्या मोजमापाचा पाया तोच आहे. तिने मला विचारलं, “ताई, मांडवीजवळची ही पट्टी जमीन धरू ना?” पट्टी जमीनच होती, पण तिच्यावर पवनचक्क्या आहेत, आणि फिरणारी पाती स्वतःचा डॉप्लर देतात. म्हणाले, सोडून दे, मागे जा.

११.४५

अँटेनाचा वाटा. सेंटिनेल-१ ची अँटेना १२.३ मीटर लांब. रुंद पट्टा बघता यावा म्हणून ती आपला झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुढे-मागे झुलवते, आणि अडीचशे किलोमीटरचा पट्टा तीन उपपट्ट्यांत, तुकड्यातुकड्यांनी घेते. प्रत्येक तुकड्याच्या सांध्याशी डॉप्लरमध्ये पायरी उरते. नकाशावर समान अंतराच्या तिरप्या रेघा दिसल्या की समजायचं, समुद्रात असं काही नसतं. ह्याला पाऊण तास पुरला. कंटाळवाणं आहे, पण वाद घालण्यासारखं त्यात काही नाही.

१२.३०

वाद वाऱ्याशी आहे.

उपग्रह वजा झाला, अँटेना वजा झाली, आता उरलं ते पाण्याचं, असं वाटतं. तसं नसतं. लाटा प्रवाहासारख्या दिसतात. उपग्रहाच्या दिशेने येणाऱ्या लाटेचा पुढचा उतार त्याच्याकडे तोंड करून असतो, म्हणून जास्त उजळ दिसतो. आणि नेमकं त्याच उतारावरचं पाणी वर उचललं जात असतं, म्हणजे उपग्रहाकडे येत असतं. मागच्या उतारावरचं पाणी खाली जातं, पण तो भाग मंद दिसतो. सरासरी काढली की उजळ भागाचं मत जड पडतं, आणि पाणी जागचं हललेलं नसतानाही ते उपग्रहाकडे वाहतंय असं उत्तर येतं. मध्यम वाऱ्यातही हा चकवा प्रवाहाएवढा मोठा होतो.

ही गोष्ट आधी नीट सांगितली ती बर्ट्रां शाप्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००५ मध्ये, युरोपच्या एन्व्हिसॅटवरच्या रडारची मोजमापं घेऊन. त्याआधी १९८७ मध्ये गोल्डस्टीन आणि झेबकर यांनी विमानावर एकामागे एक दोन अँटेना लावून पाण्याची चाल मोजता येते हे दाखवलं होतं. शाप्रों मंडळींनी दाखवलं की एका अँटेनातूनही चाल निघते, मात्र तिच्यात वारा आणि लाटा मिसळलेल्या असतात. दक्षिण आफ्रिकेजवळचा अगुल्हास प्रवाह ह्या पद्धतीची तालीमशाळा ठरला, कारण तो सेकंदाला दीड-दोन मीटरने वाहतो आणि वर्षभर जवळजवळ एकाच वाटेने. एन्व्हिसॅट एप्रिल २०१२ मध्ये अचानक मुका झाला. त्याच वर्षी अलेक्सिस मूश आणि सहकाऱ्यांनी त्याच्याच मोजमापांवरून एक सूत्र दिलं: वाऱ्याचा वेग, दिशा आणि रडारचा कोन घाला, वाऱ्यामुळे येणारा डॉप्लर घ्या. गंमत म्हणजे त्यांना हवा होता वारा. त्यांच्या लेखी प्रवाह हा कचरा. आम्ही तेच सूत्र उलटं धरतो.

पण ते सूत्र खुल्या महासागरावर बेतलेलं आहे, जिथे लाटांना वाढायला शेकडो किलोमीटर मोकळे असतात. आखातात तसं नाही. आत्ता थंडीत सकाळचा वारा उत्तर-ईशान्येकडून, कच्छच्या जमिनीवरून येतो. मांडवीच्या किनाऱ्यालगत तो नुकताच पाण्यावर उतरलेला असतो, तिथे लाटा कोवळ्या. दक्षिण किनाऱ्याला पोचेस्तोवर त्या वाढतात. एकच वारा, एकच सूत्र, पण उत्तरेकडे ते जास्त वजा करतं. मी उत्तरेकडची एक पट्टी निकालात धरतच नाही. काही जण धरतात, नकाशा भरलेला दिसावा म्हणून. मला वाटतं, रिकामी जागा ठेवणं जास्त सभ्यपणाचं आहे.

वारा अगदीच पडला तरी पंचाईत. तरंगच उठले नाहीत तर रडारला परत काही येत नाही, पाणी काळं दिसतं. वारा सेकंदाला तीन मीटरच्या खाली नको, आठच्या वर नको. वरून मेघराजाची काही भीती नाही, रडार ढगांतून बघतो, एवढं एक सुख.

१.३०

एकादशी असल्याने निम्म्या टेबलांवर साबुदाण्याची खिचडी. गुजराती सहकाऱ्यांच्या डब्यात राजगऱ्याची पुरी आणि बटाट्याची सुकी भाजी. जेवताना शेजारच्या विभागातले एक ज्येष्ठ सर येऊन बसतात. ते उंची मोजणाऱ्या उपग्रहांचे माणूस. भारत-फ्रान्सचा सरल २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून गेला तेव्हापासूनचे. त्यांचं म्हणणं, तुम्ही कशाला एवढ्या वजाबाक्या करता? समुद्राचा उतार मोजा, प्रवाह आपोआप मिळतो.

त्यांचं खरं आहे, खुल्या समुद्रापुरतं. पृथ्वी फिरते म्हणून मोठे, संथ प्रवाह उतारावरून सरळ खाली न जाता उताराला आडवे वाहतात. कोकण-गोव्याच्या अक्षांशावर शंभर किलोमीटरमध्ये पाणी दहा सेंटिमीटर उंच असेल तर प्रवाह सेकंदाला पाव मीटर. उंचीतला तेवढा फरक अंतराळातून मोजता येतो ही कमालच आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटा उत्तरेकडे, हे ह्या नकाशांत ऋतुगणिक दिसतं. पण भरतीचा प्रवाह सहा तासांत फिरतो, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला त्याला सवड नसते. आखातात तर दोन्हीकडे जमीन, उंची मोजणाऱ्या रडारच्या झोतात तीच शिरते. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट दोन अँटेनांनी १२० किलोमीटरचा पट्टा एकदम मोजतो, त्याला आखाताची उंचीही बरी दिसते. तरी उंचीवरून भरतीचा वेग काढायचा तर मध्ये गणिती प्रारूप आणावंच लागतं. मला पाण्याची चाल थेट हवी आहे.

सर हसतात. “थेट? सकाळपासून वजा काय करत होतीस मग?”

ह्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. खिचडी गार होत होती.

२.५०

आजची फाइल आली. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाची ही माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. ज्यांनी परवानग्यांची पत्रं लिहिण्यात दिवस घालवलेले आहेत त्यांनाच ह्याची किंमत कळेल.

डॉप्लरकडे जाण्याआधी मी नुसतं चित्र मोठं करून बघते. सिक्का-वाडिनारच्या समोर नांगरलेली तेलवाहू जहाजं, प्रत्येक एक लखलखीत ठिपका. देशात येणाऱ्या कच्च्या तेलाचा मोठा हिस्सा ह्याच आखातातून उतरतो, आणि आम्हाला प्रवाहाची एवढी फिकीर असते त्याचं एक कारण ही जहाजं. तेल सांडलं तर ते तासाभरात कुठे जाईल हे प्रवाह ठरवतो. तोंडाच्या बाजूला एक जहाज चालतं होतं. त्याच्या मागे पाण्यात उठलेली रेघ स्पष्ट दिसत होती, पण जहाज त्या रेघेच्या टोकाला नव्हतं. बाजूला, अर्धा किलोमीटर हटून, पाण्यात एकटंच. रडारचं चित्र बनवणारं गणित सगळं जग स्थिर आहे असं धरून चालतं. जे उपग्रहाकडे किंवा उलट दिशेने हलतं, त्याला ते भलत्याच जागी नेऊन ठेवतं. उपग्रहाच्या रेषेत सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ताशी दहाएक सागरी मैलांची चाल, की अर्धा किलोमीटर सरकलंच. त्या सरकण्यावरून जहाजाचा वेग काढता येतो. पाण्याचंही तेच आहे, फक्त पाण्याला मागे रेघ नसते.

४.१५

दुपारभर सकाळचीच वाट पुन्हा: जमीन आखली, उपग्रह काढला, सांधे काढले. वाऱ्याचे आकडे युरोपच्या हवामान केंद्राचे. आज वारा ईशान्येचा, म्हणजे लाटा उपग्रहापासून लांब जाणाऱ्या. त्यांचा डॉप्लर उणे. उणे वजा केलं की अधिक होतं, आणि आखाताच्या मधोमध पाणी आत येताना दिसायला लागलं. मधल्या खोल भागात सतरा हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ऐंशीएक सेंटिमीटर, पूर्वेकडे. भरती-ओहोटीचं प्रारूप ह्या घटकेला जवळजवळ तेवढंच सांगतं. तिथे मला फार हर्ष होत नाही. प्रारूपाला ठाऊक असलेलंच उत्तर उपग्रहाने दिलं तर परीक्षा पास, एवढंच.

खरं बघण्यासारखं दक्षिणेला होतं. उथळ बांधांच्या मधल्या खोल वाटेत प्रवाह प्रारूपापेक्षा जोरात, एका अरुंद जिभेसारखा आत घुसलेला. प्रारूपातला समुद्रतळ जुन्या नकाशांवरून घेतलेला आहे. वाळू त्यानंतर कुठे कुठे सरकली असेल. कदाचित म्हणून. किंवा बांधांवर लाटा फुटत असतील आणि तो पुन्हा लाटांचाच चकवा असेल. किलोमीटरभराच्या एका चौकोनात डॉप्लर कित्येक हर्ट्झने थरथरतो, म्हणून शेजारपाजारचे चौकोन एकत्र करून सरासरी घ्यावी लागते, आणि जीभ त्या सरासरीपेक्षा फार रुंद नाही. एका फेरीवरून काही बोलायचं नाही. मी तिथे पेन्सिलीने घेरा काढला आणि तिथी लिहिली.

५.३०

किनाऱ्यावरच्या एका कंपनीकडून फोन. त्यांना “उपग्रहावरून काढलेला करंटचा नकाशा” हवा आहे, बाणांसकट, अहवालात लावायला. मी समजावते, की एका फेरीत आम्हाला फक्त पूर्व-पश्चिम हिस्सा मिळतो. बाण काढायचा तर दुसरा हिस्सा कुठून तरी गृहीत धरावा लागेल. पलीकडचा सद्गृहस्थ नम्रपणे म्हणतो, “मॅडम, बाण छोटे काढा.”

रंगांचा नकाशा आणि शेजारी चुकीची व्याप्ती, एवढंच पाठवलं. बाण ही फार घातक गोष्ट आहे. रंग बघून माणूस विचारतो की हे काय. बाण बघितला की पाणी तिकडेच जातं ह्याची त्याला खात्री पटते.

दुसरी दिशा मिळवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. युरोपची स्किम नावाची मोहीम चारी दिशांना फिरणाऱ्या झोताने प्रवाह आणि लाटा एकत्र मोजणार होती. २०१९ मध्ये निवडीच्या शेवटच्या फेरीत फोरम ह्या दुसऱ्याच मोहिमेने तिला मागे टाकलं. २०२२ मध्ये हार्मनी निवडली गेली: दोन उपग्रह सेंटिनेल-१ च्या संगतीने उडतील आणि त्याच्याच लहरी वेगळ्या कोनांतून ऐकतील. ती ह्या दशकाच्या अखेरीला अपेक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये गेलेला भारत-अमेरिकेचा निसार डाव्या हाताला बघतो, पण कक्षा त्याचीही सहा वाजताचीच आणि नजर पूर्व-पश्चिमच. खंबातच्या आखाताला अजून तरी कुणी वाली नाही.

६.४५

संध्याकाळची फेरी ह्याच सुमाराची, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी. पण फेरी होते म्हणून चित्र मिळतं असं नाही. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव मिनिटांच्या एका प्रदक्षिणेत रुंद पट्ट्याचं चित्रण जेमतेम पंचवीस मिनिटं करता येतं, त्याहून जास्त ना वीज पुरते ना साठवायला जागा. ती मिनिटं जगभर वाटलेली असतात. आपल्या देशाच्या वाट्याला बहुतेक सकाळच येते. मोकळ्या महासागरावर तो वीस-वीस किलोमीटरचे चौकोन शंभर-शंभर किलोमीटरवर टिपत जातो, लाटांसाठी. आखात त्यातही बसत नाही.

घरी पोचते तोवर मामाचा फोन. तो आता समुद्रावर जात नाही, पण चौकशी चुकत नाही. “काय गो, तुझो उपग्रह आज भरतीक होतो की सुकतीक?”

“भरतीक. अर्धी भरली होती.”

“एकादशीक पावणेसातला? आमच्याकडे तर भराक आयलेली. मगे तुझा पाणी आमच्यापेक्षा आळशीच.”

ते बरोबर आहे, आणि त्याने पंचांग न बघता सांगितलं. पुढची फेरी कधी म्हणून विचारलं त्याने. बारा दिवसांनी, म्हणजे कृष्ण अष्टमी. “भांग मगे,” तो म्हणाला, “काय गावाचा नाय तुका.” कोकणच्या हिशोबाने अष्टमीची भरती सहाला पुरी होते, ओख्याला त्यानंतर तासाभरात, पावणेसातला तोंडाशी पाणी चढायचं थांबलेलं आणि उतरायला लागलेलं नाही. त्यात भांगाचे, पाण्याला जोर नसलेले दिवस.

मामाच्या दृष्टीने तो वाया गेलेला दिवस. मला तो एकादशीपेक्षा जास्त हवा आहे. पाणी थांबलेलं असताना सगळ्या वजाबाक्या करून तोंडाशी जे काही उरेल, त्यात प्रवाह जवळजवळ नसणार. ते सगळं आमचं असणार: उपग्रहाचं, अँटेनाचं, वाऱ्याच्या सूत्राचं. दक्षिणेची ती जीभ त्या दिवशीही तिथेच दिसली, तर ती पाण्याची नाही. मी पीएच.डी.च्या मुलीला निरोप टाकला, की अष्टमीची फाइल आली की आधी घेऱ्यातला भाग उघड, आणि किनारा पूर्ण भरतीचा आख.